मँडोलिन: घ्यावं कोणतं आणि रात्री, कुणाची झोप न मोडता, वाजवावं कसं?

निशिगंध
बरीच वर्षं मनात असलेलं मँडोलिन आता घ्यायचं ठरवलं आहे. पेटीवर बोटं फिरतात, अलंकार येतात, गाणं कानाने उतरवता येतं. तारवाद्याला मात्र कधी हात लावलेला नाही. कार्यक्रम करायचे नाहीत. आवडती धून स्वतःच्या हाताने वाजावी आणि कधी चार माणसांत वाजवायची वेळ आली तर ती नीट पार पडावी, एवढीच इच्छा आहे.

अडचण वेळेची आहे. घर झोपल्यावरच मला रियाजाला सवड मिळते आणि शेजारचं घर भिंतीला भिंत लावून आहे. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, या गरजेला कोणतं वाद्य योग्य? दुसरी, हळू आवाजात शिकलं तर हात कायमचा बिघडतो असं एकांनी सांगितलं, ते कितपत खरं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं.

मुरकी
वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे, फक्त माझ्याकडे भिंतीऐवजी तान्हं बाळ आहे.

लाकूडतोड्या
खरेदीचं मी सांगतो, रियाजाचं इथले वाजवणारे सांगतील.

दुकानात मुख्यतः ए आणि एफ अशी दोन घाटणी दिसतील. ए थेंबाच्या आकाराचं असतं. एफला खांद्यावर लाकडी वेटोळं आणि खाली टोकं असतात. ते वेटोळं कोरायला कारागिराचे खूप तास जातात आणि त्या तासांचे पैसे आपण मोजतो. आवाजात त्यामुळे पडणारा फरक मला आजवर ऐकू आलेला नाही. तेवढ्याच पैशांत ए घेतलं तर लाकूड आणि काम वरच्या दर्जाचं मिळतं. एफची ओढ लोकांना का असते हे कळतं. गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९२२ साली लॉइड लोअरच्या देखरेखीखाली एफ-५ आणलं, आणि पुढे अमेरिकन वादक बिल मन्रोने १९२३ सालचं तसलंच वाद्य हातात घेऊन तिकडच्या ब्लूग्रास लोकसंगीताला त्याचा चेहरा दिला. ते रूप डोळ्यांत बसलेलं असतं.

आवाज खरा बदलतो तो तबलीवरच्या भोकाने. तबली म्हणजे वरची पाटी. व्हायोलिनसारखी एफ आकाराची दोन भोकं असतील तर आवाज टोकदार, लांब जाणारा आणि लवकर विझणारा. एकच लंबगोल भोक असेल तर गोलाई जास्त आणि स्वर थोडा अधिक रेंगाळतो. रात्री एकट्याने वाजवायचं असेल तर मी डोळे मिटून लंबगोल भोकाचं ए घेईन.

तिसरा प्रकार वाटीसारख्या फुगीर पाठीचा, म्हणजे नेपल्सच्या घाटणीचा. दिसायला सुंदर, पण जुनं मिळत असेल तर फार जपून. दांडी वाकलेली असली तर ती सरळ करायला आत सळई बहुधा नसते, आणि हल्लीच्या जाड तारांचा ताण त्या नाजूक तबलीला सोसत नाही. पहिलं वाद्य म्हणून मी सुचवणार नाही.

तबली सबंध लाकडाची की थर चिकटवलेली हे ओळखायला भोकाची कड बघा. वरच्या रेषा कडेतून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर सबंध लाकूड. आडवे थर दिसले तर प्लाय. प्लाय वाईटच असं नाही. शिकायला चालतं, हवामान बदललं तरी फारसं कुरकुरत नाही. पण आवाज वर्षानुवर्षं खुलत जाण्याची आशा त्याच्याकडून ठेवू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाद्य लावून घेतलेलं असलं पाहिजे. इथे लावणं म्हणजे सुरात लावणं नव्हे. घोडीची (तबलीवर तारा पेलणारा लाकडी तुकडा) उंची, तारांच्या खाचा, दांडीचा बाक, पडद्यांची (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) पातळी हे सगळं मी धरतोय. बाराव्या पडद्यावर तारेची खालची कड आणि पडद्याचा माथा यांत दीड ते दोन मिलिमीटर अंतर असावं. नव्या, स्वस्त वाद्यात ते सर्रास जास्त असतं. मग बोटं दुखतात, दाबल्यावर स्वर चढतो, आणि माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही. अशी मँडोलिनं कपाटावर धूळ खात पडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत आणि दर वेळी हळहळ वाटते. खर्चाचा एक भाग जाणकार कारागिराकडून हे काम करून घेण्यासाठी बाजूला ठेवा. महागडं पण न लावलेलं वाद्य आणि साधं पण नीट लावलेलं वाद्य यांत दुसरं घ्या.

जुनं घेत असाल तर: दांडीवरून एका डोळ्याने टोकापर्यंत बघा, बाक कळतो. घोडीखाली तबली खचलेली नाही ना ते बघा. तारांची प्रत्येक जोडी प्रत्येक पडद्यावर दाबून छेडा, कुठे झणझणतंय का ऐका. घोडीच्या पायांखाली कागदाची चिठ्ठी सरकवून बघा. ती शिरली तर पाय तबलीवर पूर्ण टेकलेले नाहीत. खुंट्या अडखळत फिरत असतील तर तेवढ्यावरून वाद्य नाकारू नका, त्या बदलता येतात.

व्हायोलिनवाली
एक भर. सूर व्हायोलिनचेच, खालून वर, पाश्चात्त्य नावांनी जी, डी, ए, ई. फक्त प्रत्येक सुराच्या दोन तारा. त्यामुळे व्हायोलिनची बोटं जशीच्या तशी चालतात: एका बोटाकडे साधारण दोन पडदे. गिटारवरून येणारे एक बोट एक पडदा धरतात आणि चौथा स्वर गाठताना हात ओढला जातो. तुम्ही कोरी पाटी आहात, सुरुवातीलाच व्हायोलिनची पद्धत धरा.

खर्ज
निशिगंध, तुम्हाला कुणी सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं नीट समजून घेतलं तर तुमचा प्रश्न सुटतो.

हळू वाजवायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा उजवा हात आखडतात. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, चिमटीत घट्ट धरतात, मनगट ताठ, तारेला जेमतेम स्पर्श. असं महिनोन्‌महिने केलं की हात तेच शिकतो. मग दिवसा मोकळं वाजवायची वेळ आली तरी आवाज केविलवाणा निघतो आणि ट्रेमोलो, म्हणजे एकाच स्वरावरचे भराभर खाली-वर आघात, खडबडतो. म्हणून हाताला कधीही हळू व्हायला सांगू नका. तारांना सांगा. हात पूर्ण मोकळा, नेहमीच्या ताकदीने चालू द्यायचा आणि तारांचं कंपन दुसऱ्या उपायाने मारायचं.

उपाय साधा आहे. मऊ फोमची बोटभर रुंद पट्टी घोडीच्या अगदी लगत, तारांखाली सरकवायची. फोम नसेल तर मऊ कापडाची घडी किंवा पायमोजा. आवाज एकदम बसतो, ठक्‌ठक् असा कोरडा स्वर उरतो, पण सूर कळतो. पट्टी फार जाड नको, ती तारांना खालून उचलते आणि सगळे स्वर चढे लागतात. हवं तर घोडी आणि टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) यांच्यामधल्या तारांच्या उरलेल्या तुकड्यांतही कापडाची चिंधी ओवून ठेवा. ते तुकडे विनाकारण गुणगुणत असतात. ही चिंधी दिवसाही काढायची गरज नाही.

पातळ पिक घ्या, आवाज कमी होतो, असाही सल्ला मिळेल. मला तो पटत नाही. पातळ पिक वाकते, टिकटिक करते, आणि हात तिच्या वाकण्याची सवय लावून घेतो. १ ते दीड मिलिमीटर जाडीची, गोलसर टोकाची पिक घ्या आणि रात्री-दिवसा तीच वापरा.

आता बंद तारांचं एक मोठं सुख. मोकळ्या तारा वाजतात तेव्हा एका स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पुढच्या आघातातली उणीव झाकते. पट्टी लावली की आस उरत नाही आणि ट्रेमोलोतला प्रत्येक आघात उघडा पडतो. वरून खाली येणारा ठळक, खालून वर जाणारा पुसट, हा सगळ्यांचा दोष लगेच ऐकू येतो. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६० वर ठेवून एका ठोक्यात आधी दोन, मग चार आघात, खाली-वर-खाली-वर, एकाच जोडीवर. दोन्ही आघात सारखे होईपर्यंत वेग वाढवू नका. ट्रेमोलो वेगाने घडत नाही, सारखेपणाने घडतो. वेग मागून येतोच. मेट्रोनोम अर्थात एका कानात.

आणि एक मोठं नुकसान, जे कुणी सांगत नाही. आस नसल्यामुळे डाव्या हाताची चोरी कळत नाही. मँडोलिनवर स्वर जोडलेला ऐकू यावा तर पुढचा स्वर लागेपर्यंत आधीचं बोट उचलायचं नसतं. बंद तारांवर बोट लवकर उचललं काय आणि उशिरा उचललं काय, सारखंच ऐकू येतं. म्हणून आठवड्यातून थोडा तरी वेळ दिवसाउजेडी पट्टी काढून वाजवा, आणि तेव्हा नवीन काही शिकू नका. रात्री बसवलेलंच संथ वाजवा आणि दोन स्वरांच्या मधली जागा ऐका.

अंतरा१६
इतका खटाटोप कशाला? भरीव अंगाचं इलेक्ट्रिक मँडोलिन घ्यायचं, हेडफोन लावायचे. आत पोकळी नाही, त्यामुळे न जोडता वाजवलं तर शेजारच्या खोलीतही जात नाही. मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणारे उप्पलपू श्रीनिवास इलेक्ट्रिकच वाजवत की.

खर्ज
अंतरा, पर्याय चांगला आहे आणि मुरकींसाठी तर बहुतेक तोच योग्य. पण श्रीनिवासांचं वाद्य दुकानातल्या मँडोलिनसारखं नव्हतं. जोड तारा काढून त्यांनी एकेरी तारा घेतल्या आणि खर्जाकडे एक वाढवून पाच केल्या. दुहेरी, ताठ तारांवर गमक, म्हणजे स्वर डोलवत घेणं, नीट ओढता येत नाही, एकेरीवर येते. कर्नाटक संगीत त्या वाद्यावर उभं राहिलं त्याच्या मुळाशी ही खटपट आहे. १९९८ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ते तिशीच्याही आत होते आणि २०१४ साली, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी गेले. आजही ऐकताना जीव हळहळतो.

निशिगंधना जोड तारांचा तो झिळमिळता आवाज हवा असेल तर आठ तारांचं इलेक्ट्रिक शोधावं लागेल. शिवाय हेडफोनमधला आवाज यंत्राने फुगवलेला असतो, हलकासा आघातही भरदार वाटतो. हात तिथेही आळशी होऊ शकतो. एक गैरसमजही दूर करतो: साध्या मँडोलिनला पिकअप (तारांचा आवाज यंत्राकडे नेणारा भाग) बसवला म्हणून त्याचा मूळचा आवाज कमी होत नाही.

लाकूडतोड्या
भिंतीबद्दल थोडं. मँडोलिनचा सर्वांत खालचा सूर १९६ हर्ट्झचा, बाकी सगळं त्याच्या वर. उंच सूर भिंत बऱ्यापैकी अडवते. ते सुटतात फटींतून. दाराखालची फट कापडाने बुजवा, खिडकी लावा, भरलेल्या कपाटाजवळ किंवा जाड पडद्याजवळ बसा. खालच्या मजल्याला त्रास होतो तो पायाने ताल धरण्याचा. तो ठोका जमिनीतून थेट जातो. पायाखाली जाड घडी घ्या किंवा अंगठा बुटातच हलवा.

निशिगंध
किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! फोमचं वाचून निम्मी काळजी मिटली. आता पेटीवालीचा प्रश्न. मी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाते, पण मँडोलिनवर ते अडचणीचं वाटतंय. सा कुठे धरावा? आणि राग वाजतात का यावर, की फक्त गाणी?

सुरपेटी
या प्रश्नाची वाटच बघत होते!

काळी एकचा सा मँडोलिनवर धरला तर एकही मोकळी, म्हणजे न दाबता वाजणारी, तार तुमच्या सा किंवा पची राहत नाही. पांढरी पाच धरली तर खर्जाची मोकळी जोडी सा होते, पण तिच्या खाली काहीच नाही, मंद्र सप्तक गेलं. पांढरी दोन धरा. तुमच्या काळी एकपेक्षा अर्धाच स्वर वर, म्हणजे गळ्यालाही परकं नाही. मोकळ्या जोड्या अशा येतात: जी म्हणजे मंद्र म, डी म्हणजे सा, ए म्हणजे प, ई म्हणजे तार रे. मंद्र मध्यमापासून तार पंचमापर्यंत सगळं हात न सरकवता पहिल्या काही पडद्यांत मिळतं. तानपुऱ्याचं ॲप डी वर लावा आणि सुरुवात करा.

आता गंमत बघा. सा आणि प शेजारच्या जोड्यांवर मोकळे आहेत, त्यामुळे पूर्वांग एका जोडीवर आणि उत्तरांग शेजारच्या जोडीवर येतं. बिलावलमध्ये सा रे ग म हे ०, २, ४, ५ या पडद्यांवर (० म्हणजे मोकळी तार), आणि प ध नि सां हेही शेजारी ०, २, ४, ५ वरच. काफीत दोन्हीकडे ०, २, ३, ५. भैरवीत ०, १, ३, ५. भैरवात ०, १, ४, ५. एका जोडीवर बोटं बसली की दुसऱ्या जोडीवर आपोआप बसतात. पेटीवर हे सारखेपण डोळ्यांना दिसत नाही, कारण पांढऱ्या-काळ्यांची मांडणी मध्ये येते. इथे बोटांना ते पहिल्याच आठवड्यात कळतं. तोडीत मात्र जोडी जुळत नाही: पूर्वांग ०, १, ३, ६ आणि उत्तरांग ०, १, ४, ५. मला वाटतं तोडी हाताला इतकी वेगळी का लागते याचं एक उत्तर इथे आहे.

रागाबद्दल विचारलंत. पडदे पक्के आहेत, पेटीसारखेच समान अंतराचे, त्यामुळे भैरवातल्या आंदोलित रिषभाची अपेक्षा धरू नका. मींडही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग ओढत जाणं, जोड तारांवर पडद्यामागे खेचून फार तर अर्ध्या स्वरापर्यंत, तीही बेताची. पण भूप, दुर्गा, देस, पहाडी यांसारखे राग कणस्वरांनी आणि बोट घसरवून गोड वाजतात. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मँडोलिनवर हिंदुस्तानी राग वाजवून दाखवले, तेव्हा वाट अडलेली नाही. ट्रेमोलो सतत ठेवू नका, एवढी विनंती. लांब स्वरावर ठेवा, हलत्या जागी एकेक आघात. सगळीकडे ट्रेमोलो लावला की राग असो वा गाणं, एकच झिरझिर ऐकू येते.

मुरकी
सुरपेटी, भूप ०, २, ४ आणि शेजारी ०, २, ५, बरोबर ना? म्हणजे भूपात मात्र दोन्ही बाजू सारख्या नाहीत!

सुरपेटी
अगदी बरोबर. वरच्या बाजूला नि नाही म्हणून धनंतर थेट पाचव्या पडद्यावरचा सां. छान शोधलंत.

व्हायोलिनवाली
चार माणसांत वाजवण्याचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. धून वाजवण्याच्या आधी दुसऱ्याच्या गाण्याला साथ करून बघा. त्यासाठी तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वर, खर्जाकडून प्रत्येक जोडीचा पडदा मोजत: जी: ०-०-२-३, सी: ०-२-३-०, डी: २-०-०-२. दोन-तीन बोटांत तिन्ही कॉर्ड बसतात आणि पांढरी पाचच्या कितीतरी सोप्या गाण्यांना पुरतात. साथ करताना सगळ्यांचं लक्ष गाणाऱ्याकडे असतं, आपला हात लोकांसमोर सैल राहायला शिकतो.

आणि वाजवण्याआधी सूर मिळवायला वेळ घ्या, संकोच करू नका. आठ तारा आहेत. जोडीतली एक तार बोट टेकवून बंद करा आणि उरलेली ट्यूनरवर आणा, नेहमी खालून वर चढवत. मग ट्यूनर विसरा आणि बंद केलेली तार कानाने तिच्यात मिळवा. दोन्ही एकत्र छेडल्यावर वँव-वँव अशी लहर ऐकू येते. ४४० आणि ४४२ असतील तर सेकंदाला दोन लहरी. ती लहर संथ होत होत थांबली की जोडी एक झाली. पेटीवाल्यांचा कान यात पटकन तयार होतो.

निशिगंध
कळवायला आनंद होतोय की मँडोलिन आलं! लंबगोल भोकाचं ए, सबंध लाकडाची तबली, कारागिराकडून लावून घेतलेलं. काल रात्री फोम लावून बिलावल वाजवला, शेजारच्या खोलीत कुणाला काही कळलं नाही. पांढरी दोनचं गणित तर इतकं चपखल बसलंय की उठवत नाही.

शेवटचा प्रश्न लाकूडतोड्यांना. तारांवर जाडी लिहिलेली नाही, बोटांना फार ताठ वाटतात आणि थोड्या गंजल्याही आहेत. बदलायच्या तर कोणत्या? सगळ्या काढून स्वरपट्टी (पडदे बसवलेली दांडीची वरची बाजू) पुसून घेऊ का?

लाकूडतोड्या
अभिनंदन! पण सगळ्या एकदम काढू नका. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. सगळा ताण गेला की ती हातात येईल आणि तिची जागा पुन्हा शोधावी लागेल. एक तार काढा, तिथे नवी चढवा, सुराच्या जवळ आणा, मग दुसरी. स्वरपट्टी त्या त्या तारेखाली पुसत चला.

तारा हलक्या घ्या: ०.०१० इंचापासून ०.०३४ इंचापर्यंतचा संच. मध्यम संचात आठ तारा मिळून ८० किलोच्या आसपास ओढतात, हलक्यात ते बरंच कमी होतं आणि बोटांना लगेच जाणवतं. टोकाला फासा असलेल्याच मागा, तुमच्या टेलपीसला बहुधा त्याच लागतील. जुन्या तारेचं टोक बघून खात्री करा.

आठही चढल्यावर दोन्ही टोकांच्या जोड्यांवर बाराव्या पडद्याशी तपासा: तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा घंटेसारखा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर एक आले पाहिजेत. दाबलेला चढा लागला तर घोडी टेलपीसकडे केसभर सरकवा, उतरला तर दांडीकडे. सरकवण्याआधी तारा थोड्या सैल करा. तारा चढवताना घोडीचा माथा दांडीकडे झुकत जातो, तोही मधून मधून सरळ करत राहा. नव्या तारा पहिले काही दिवस उतरतील, त्यात काळजीचं काही नाही. झालं की बाजूने घोडीचा फोटो टाका, सरळ उभी आहे का बघून सांगतो.